सांभार फ्री नाही

थंडी पडली की अकोल्यात दोन गोष्टी स्वस्त होतात, एक सांभार आणि दुसरं मागणं. उन्हाळ्यात जो सांभार आम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून लेकरासारखा जपतो, तो डिसेंबर लागला की हर्रासीत, म्हणजे भाजीच्या लिलावात, पोत्यानं पडलेला असतो. सकाळी माझा नवरा गजानन गाडीतून गठ्ठे उतरवतो आणि आमचं भाजीचं दुकान त्या वासानं भरून जातं. दंवानं ओली पानं, मुळांना चिकटलेली काळी माती, हाताला लागून राहणारा हिरवा रंग. तो वास मला फार आवडतो, आणि तो आला की माझं डोकंही फिरतं. कारण तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक पायरी चढतं, पाव किलो वांगी घेतं आणि पिशवीचं तोंड उघडं धरून म्हणतं, "सांभार फ्री ना?"

पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात, तो आमचा सांभार. वऱ्हाडात हिवाळ्यात त्याच्यावाचून पान हलत नाही. वरणावर सांभार, भरीतात सांभार, आणि पाहुणा लाडका असला तर त्याच्यासाठी सांभारवडी. अशा वस्तूला किंमत नाही असं कुणी ठरवलं, मला माहीत नाही. मी नाही ठरवलं. माझ्या दुकानात काट्याच्या वर एक पाटी टांगलेली असते. माझ्याच अक्षरात, खडूनं लिहिलेली. 'सांभार फ्री नाही.'

गजाननला ती पाटी डोळ्यांसमोर नको असते. "अवं, एका जुडीपाई गिऱ्हाईक काहून तोडून राहिली तू?" तो दर हिवाळ्याला विचारतो. "पलीकडचा टोपलंभर वाटून राहिला. आता त मोबाइलवर भाजी मागोली का सांभार फ्री येते म्हन्तेत."

"येऊ दे," मी म्हणते.

तो परत गठ्ठे उतरवायला लागतो. लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत. कुठल्या दारावर थाप मारायची नाही, ते त्याला ठाऊक आहे.

हा 'फ्री' शब्द मोठा गोडबोल्या आहे. कुणाच्याही घरात चपला न काढता शिरतो आणि कुणी काही म्हणत नाही. गजाननचा मित्र "फ्री झालो का येतो" म्हणतो आणि महिनाभर येत नाही. डॉक्टर मला शुगर फ्री बिस्किटं खायला सांगतात. एकावर एक फ्री साडी आणलेली शेजारीण, ती दुसरी साडी कुणाच्या माथी मारावी या विचारात अर्धी होते. नणंदेचा फोन आला आणि तिनं "वैनी, फ्री हायेस का?" असं विचारलं, की समजावं काम निघालेलं आहे. मुलगी पाहायला आलेले लोक सोफ्यावर टेकून सांगतात, "आमच्याकडे वातावरण एकदम फ्री आहे." मग ती मुलगी त्या वातावरणात जाते, आणि माहेरी फोन करायचा तर आधी सासूबाई झोपल्या का, ते बघते.

आता फुकट हा शब्द आपल्याकडे होताच की. पण तो बोलणाऱ्याच्याच तोंडाला चिकटतो. फुकट्या, फुकटखाऊ, फुकटची हमाली, सगळीकडे त्याचा मान तेवढाच. "बाई, मूठभर सांभार फुकट दे" असं चांगल्या घरातली बाई म्हणणार नाही, तिची जीभ अडेल. 'फ्री' म्हणताना अडत नाही. फुकट मागितलं तर मागणाऱ्याला लाज वाटते, आणि फ्री मागितलं की न देणाऱ्याला वाटायला लागते. एवढी साधी हातचलाखी आहे, आणि ती मला दहावीच्या हिवाळ्यात समजली.

आमचा मळा अमरावतीच्या कडेला होता, बडनेऱ्याच्या अंगाला. आता तिथं प्लॉट पडले आहेत. तेव्हा विहीर होती, वांग्याचे ताटवे होते आणि विहिरीला लागून सांभाराचे वाफे. धणे पेरायच्या आधी ते चपलेखाली रगडून दुभंगावे लागतात, तरच उगवतात. ते काम माझं. ओसरीवर धणे पसरायचे आणि बाबांची जुनी चप्पल हातात घालून गोल गोल रगडायचे. पुढं उगवणाऱ्या वासाची पहिली चाहूल तिथंच लागायची. सकाळी सांभार उपटायला आईबरोबर जायचं. पाणी असं गार, की जुड्या धुताना बोटं आपली वाटायची नाहीत. आई केळीच्या सोपटानं, म्हणजे वाळल्या सालीच्या पट्टीनं, जुडी बांधायची. दोन वेढे, मग टोक आतून ओढून उलटी मुरड. ती गाठ सुटायची नाही, आणि सोडायची ठरवली तर एका ओढीत सुटायची. अशी गाठ मी दुसऱ्या कुणाच्या हातची पाहिलेली नाही, आणि माझ्या हाताला दुसरी येत नाही. दुकानातल्या जुड्याही मी अजून तशाच बांधते.

दुपारनंतर आई कॉलनीच्या कोपऱ्यावर, कडुनिंबाखाली पोतं अंथरून बसायची. मी शाळेतून परस्पर तिथंच. वजन झालं, पैसे दिले, की आई न विचारता पिशवीत मूठभर सांभार टाकायची. वर दोन मिरच्या. कुणी मागत नसे, म्हणून त्या देण्याला नावही नव्हतं. लहान मूल बरोबर असलं तर त्याच्या हातात एक गाजर. आपल्या मळ्यातलं चांगलं उगवलेलं दुसऱ्याच्या घरात जातंय, याचा तिला आनंद व्हायचा, तो तिच्या तोंडावर दिसायचा. मग कधीतरी कॉलनीत टीव्ही वाढले, साबणावर वाटी आणि चहावर चमचा फ्री यायला लागला, आणि बाया म्हणायला लागल्या, "बाई, सांभार फ्री ना?" वस्तू तीच, मूठ तीच. पण आता आईचा हात पुढं व्हायच्या आधी पिशवी पुढं यायला लागली.

त्या बायांमध्ये सगळ्यात आधी पिशवी पुढं करणाऱ्या आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडम. कोपऱ्यापासून तिसरं घर त्यांचं. इस्त्रीची कॉटन साडी, घड्याळ उजव्या हातात, पाठ अशी सरळ की त्या बसल्या तरी उभ्याच वाटत. मॅडम चांगलं शिकवत, हे मला दातओठ खाऊनसुद्धा कबूल करावं लागतं. शब्द सांगायच्या, अर्थ सांगायच्या, आणि बोट रोखून म्हणायच्या, "वाक्यात उपयोग करा." ते बोट आपल्यावर आलं की पाठ केलेला अर्थही विसरायचा. फ्री म्हणजे स्वतंत्र, फ्री म्हणजे मोकळा, हे त्यांनीच शिकवलं. फ्रीचा तिसरा अर्थ त्या संध्याकाळी आईकडून घेऊन जात.

त्या वर्षी डिसेंबरात धुवारी पडली. बाहेरच्यांना धुकं म्हटलं की सहल आठवते. आमच्याकडे धुवारी आली की माणसं बोलेनाशी होतात, कारण ती तुरीचा फुलोरा झाडते आणि पालेभाजी जाळते. चार सकाळी विहीरसुद्धा दिसली नाही. ऊन पडलं तेव्हा सांभार पिवळा होऊन जमिनीला टेकलेला होता. आईनं आणि मी वाफ्यात उकिडवं बसून त्यातला हिरवा तेवढा वेचला. धडाची जुडी कुठली, चार चार काड्या एकत्र बांधल्या. त्या दिवशी आईनं पहिल्यांदा सांभार काट्याजवळ, विकायच्या भाजीत मांडला.

संध्याकाळी मॅडम आल्या. वांगी निवडली, टोमॅटो निवडले, पैसे दिले आणि पिशवी उघडी धरली. "सांभार टाक."

"आज जमत नाई मॅडम," आई म्हणाली. "धुवारीनं सारा खाल्ला. पाहिजे असन त जुडी इकत घ्या."

"इकत?" मॅडम हसल्या. आजूबाजूला दोन-तीन बाया होत्या, त्यांच्याकडे बघून हसल्या. "सांभार कधीपासून विकत झाला गं? फ्रीच असतो तो." मग त्यांनी पिशवी उलटी केली. वांगी पोत्यावर पडली, दोन घरंगळत रस्त्यावर गेली. "मग हेही राहू दे. दे माझे पैसे."

आईनं पैसे दिले. मी इंग्रजीचंच पुस्तक मांडीवर घेऊन मागे बसले होते. मी उठून रस्त्यावरची वांगी उचलली आणि ओढणीनं पुसली. तेव्हा मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि मी कोण ते त्यांच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी तास इंग्रजीचा. मॅडमनी फळ्यावर एकच शब्द लिहिला आणि बोट माझ्यावर रोखलं. उभी राहिले. पण वाक्य मला विचारलंच नाही. त्यांनीच केलं, माझ्याकडे बोट ठेवून. "हर एज्युकेशन इज फ्री." मग मराठीत, सगळ्यांना नीट कळावं म्हणून. "म्हणजे हिचं शिक्षण फुकट आहे. आणि हिच्या आईला मूठभर सांभार देववत नाही."

वर्ग हसला. वर्गाचं काय, वर्ग कशालाही हसतो. पण त्यानंतर दहावी संपेपर्यंत माझं नाव फ्री पडलं. "ए फ्री, पेन दे." "फ्री आली रे." सायकलच्या सीटवर खडूनं लिहिलेलं असायचं. ते मी ओढणीनं पुसायचे. त्याच ओढणीनं.

घरी आले आणि रडले. आई मेथी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"रडून काहून राहिली? काय म्हनली ते सांग."

मी सांगितलं. सगळं, मराठीतलं आणि इंग्रजीतलं.

"तिच्या पोरीले फी लागते काय?" आईनं विचारलं. मॅडमची मुलगी आमच्याच शाळेत, माझ्या दोन वर्ग खाली होती.

"नाई. पोरीयले कोनालेच लागत नाई. सरकारनं माफ केली हाय."

"मंग तिची पोरगी फुकट नाई का शिकून राहिली?"

"व्हय."

"मंग तू तवाच काहून नाई म्हनली?"

मी ओढणीनं डोळे पुसले. आईनं मेथीच्या काड्या एका बाजूला सारल्या. "बरं. तुले नाई जमलं, मी म्हन्तो. आता ध्यानात ठेवजो. मी सांभार साऱ्या गावाले वाटीन, पन त्या बाईले माया हातचं एक पान फ्री जानार नाई. जीव गेला तरी नाई."

आईच्या तोंडून फ्री हा शब्द मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

आमच्या घरात सूड म्हणजे कोयते-कुऱ्हाडी नाही. आमचा सूड भाजीसारखा, रोज ताजा. उशिरा पेरलेले वाफे धुवारीतून वाचले आणि जानेवारी लागता लागता असा सांभार आला की वाफ्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. आईनं पुन्हा वाटायला सुरुवात केली. पूर्वी मूठभर टाकायची, आता अख्खी जुडी. मॅडमच्या उजव्या घरी, डाव्या घरी, समोरच्या घरी. मॅडमकडे धुणं-भांडी करणाऱ्या बाईला दोन जुड्या. "तुया घरी ने, तिथं ठेवजो नको," असं बजावून. मॅडम आल्या की आई वांगी तोलायची, काटा अगदी सुईवर आणायची, आणि पिशवी परत करायची. एकदा मॅडमनी पिशवी तशीच उघडी धरली. आई म्हणाली, "झालं मॅडम. सांभार इकत हाय." आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या पिशवीत न मागता जुडी टाकली.

मॅडमना दुसरीकडे भाजी घेता आली असती. पण कोपरा सोडणं म्हणजे हरणं, आणि जुडीला पैसे देणं म्हणजेही हरणंच. त्या येत राहिल्या. सांभाराशिवाय भाजी नेत राहिल्या. कॉलनी बघत राहिली. मी पुस्तक उघडं ठेवून त्या पुस्तकावरून बघत राहिले, आणि खोटं कशाला बोलू, मला गोड वाटायचं. त्या दिवसांत जेवणसुद्धा चवीनं लागायचं.

मग मॅडमचे यजमान आले. फार सज्जन माणूस, कॉलेजात शिकवायचे. संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखे आले आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "बाई, वरणात सांभार नसला की घशाखाली उतरत नाही हो."

"तुमाले देतो नं सर," आई म्हणाली. "फ्री देतो. पन इथंच खाऊन जा. घरी नेऊ नका."

सरांनी खरंच जुडी सोडली. कडुनिंबाखाली उभं राहून काडी काडी खाल्ली, हसत हसत. गाठ एका ओढीत सुटली म्हणून सोपट हातात घेऊन निरखलं, आईकडून त्याला तशीच गाठ पुन्हा मारून घेतली आणि खिशात घालून घरी गेले. ते सोपट कुठं गेलं असेल, याचा मी तेव्हा विचार केला नाही.

संक्रांत आली. हळदीकुंकवाला बाया घरी बोलावतात, पण आमच्या मळ्यात कॉलनीतल्या बाया कुठून येणार? म्हणून आई धंद्याच्या जागीच वाण लुटायची. पोत्यावर हळदीकुंकवाचा करंडा, तिळगुळाचा डबा आणि वाण म्हणून सांभाराची जुडी. कुणी स्टीलची वाटी लुटतं, कुणी कंगवा. आमचं हे. मी आईला विचारलं, "माय, आज त्या आल्या त? वान त नाई म्हनता येत नाई."

"सवाष्न रिकाम्या हातानं जाऊ देऊ नाई," आई म्हणाली. "पन सांभारच द्याव असं कोन्या पोथीत लेयलं हाय?"

मॅडम आल्या. ठेवणीतली साडी, डोळ्यात काहीतरी जिंकल्याची चमक. आज द्यावाच लागेल, हे त्यांनाही माहीत होतं. आईनं हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला. "गोड बोला," म्हणाली. मॅडमनी पदर पसरला. आईनं पोत्यामागून एक जाडजूड हिरवी जुडी काढून ओटीत घातली आणि सगळ्या बायांच्या नाकाला वास गेला.

शेपू.

कॉलनीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ओटीत पडलेलं वाण टाकता येत नाही. मॅडम तो शेपू पदरात धरून, पाठ सरळ ठेवून, आपल्या घरापर्यंत चालत गेल्या. त्या चालीबद्दल मला तेव्हाही थोडा आदर वाटला होता. थोडाच.

आईचा सूड पुरा झाला, माझा राहिला. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं ते आवडीनं नाही, वैरानं. त्या बाईच्या भाषेत एकदा तिच्या तोंडावर वाक्य फेकायचं होतं. बी.एड. झालं, मूर्तिजापूरकडच्या एका विनाअनुदानित शाळेत लागले. अनुदान येईल तेव्हा पगार मिळेल असं सांगितलं होतं. अनुदान आलं नाही. बसनं जायचे, बसनं यायचे, शब्द शिकवायचे, वाक्यात उपयोग करून घ्यायचे, तेही फ्री. संस्थेचे अध्यक्ष म्हणायचे, "मॅडम, विद्यादान आहे." दान म्हणजे काय ते मी कडुनिंबाखाली बघितलेलं होतं, मला शिकवायची गरज नव्हती. पोरांच्या परीक्षा आटोपून दिल्या, एक दिवस खडू टेबलावर ठेवला आणि गजाननच्या भाजीच्या दुकानात येऊन बसले. त्याच खडूतला एक तुकडा पर्समध्ये राहिला होता. पाटी त्याच तुकड्यानं लिहिली.

यंदा पावसाळा संपता संपता आमच्या मागच्या इमारतीत एक कुटुंब राहायला आलं. तिथली बाई फोनवरून भाजी मागवायची. एक दिवस ती दुकानात आली, तिचा हात धरून एक म्हातारी पायरी चढली. जाड भिंगाचा चष्मा, हातात काठी. घड्याळ उजव्या हातात. पाठ सरळ. माझ्या हातातलं माप तसंच राहिलं.

"आईला इथंच घेऊन आले आता," ती बाई, म्हणजे मॅडमची मुलगी, म्हणाली. "बाबा गेले. अमरावतीचं घर काढलं."

सर गेले हे ऐकून वाईट वाटलं. पण ते त्यांच्यापुरतंच.

मॅडमनी मला ओळखलं नाही, असं मी धरून चालले. कोण ओळखणार? दोन वेण्या घातलेली पोर आता चष्मा लावून गल्ल्यावर बसते. त्या संध्याकाळी मी आईला फोन लावला. आई भावाकडे अमरावतीलाच असते, गुडघे गेले आहेत, कान थोडा गेला आहे, बाकी सगळं शाबूत आहे.

"माय, मॅडम अकोल्यात आल्या."

"कोन्त्या?"

"सांभाराच्या."

पलीकडून आईचा आवाज आला, तोच, मेथी निवडतानाचा. "ध्यानात हाय ना?"

मॅडम दर दोन-तीन दिवसांनी यायला लागल्या, आता एकट्याच, काठी टेकत. पालक, वांगी, टोमॅटो. शेवटी म्हणायच्या, "सांभार दे गं एक जुडी." मी म्हणायचे, "दहा रुपये." त्या द्यायच्या. पाटी होती, सगळ्यांनाच दहा होते, त्यात सूड कसला? मला चैन पडेना. माझ्या दातांमागे एक वाक्य इतकी वर्षं अडकून होतं. ते असं सुटं नाणं घेऊन गिळायचं नव्हतं. मी ठरवत होते. एक दिवस दुकानात चांगली गर्दी असेल, तेव्हा जुडी त्यांच्या पिशवीत टाकीन आणि म्हणीन, घ्या, फ्री आहे, आता वाक्यात उपयोग करा. सगळे बघतील. त्या ओशाळतील. माझं ठरलं होतं.

आणि मागच्या आठवड्यात सांभार इतका पडला की गजाननचा धीर सुटला. दुपारी मी जेवायला घरात गेले तेवढ्यात त्यानं पाटी काढून ओल्या फडक्यानं पुसली आणि परत येते तो टोपलं दारात, गिऱ्हाईकं भोवती. "आजपासून फ्री," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "सडून जाऊन राहिला सारा. भांडाचं असन त रातच्याले भांडजो."

भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात काठी वाजली. मॅडम. पायरीवर सात-आठ बाया होत्या. मला वाटलं, घ्या, दैवानंच मांडून दिलं. मी भाजी तोलली. टोपल्यातली सगळ्यात मोठी जुडी उचलली, त्यांच्यासमोर धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "घ्या मॅडम, फ्री आहे. आता वाक्यात उपयोग करा."

बाया गमतीनं हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी जुडी हातात घेतली, चष्म्याजवळ नेली आणि बोटानं सोपटाची गाठ चाचपली. दोन वेढे, आतून ओढलेली उलटी मुरड. मग त्यांनी काठी काट्याला टेकवून ठेवली आणि वर्गात उभ्या राहत तशा उभ्या राहिल्या. बोट माझ्याकडे.

"हर मदर नेव्हर गेव्ह इट टू मी फ्री."

मग मराठीत, सगळ्यांना नीट कळावं म्हणून. "म्हणजे हिच्या आईनं मला हा कधी फ्री दिला नाही."

मॅडमचं बोट परत गाठीवर आलं. "पहिल्या दिवशीच ओळखली ही गाठ," त्या म्हणाल्या. "ह्यांनी एक घरी आणून माझ्या टेबलावर ठेवली होती. काही बोलले नाहीत, नुसती ठेवली. आयुष्यभर."

त्यांनी सॉरी म्हटलं नाही, आणि मला ते नकोही होतं. सॉरीही फ्रीच मिळते हल्ली. माझं वाक्य मात्र संपलं होतं. इतकी वर्षं घासून ठेवलेलं, आणि त्यांनी एका दमात त्याला उत्तर दिलं. मला वाटलं होतं या विसरल्या. मी एक डोळा उघडा ठेवून झोपत होते, आणि तिकडे त्याही झोपल्या नव्हत्या. एक अडाणी बाई कडुनिंबाखाली बसून जे म्हणाली, ते त्यांच्या टेबलावर सरांच्या शेवटापर्यंत पडून होतं. मला अभिमान वाटला तो आईचा. आणि त्याच वेळी लक्षात आलं की मी काय करून बसत होते. टोमणा मारायच्या नादात, आईनं जे एक पान दिलं नाही, ते मी जुडीनं देत होते.

मॅडमनी पिशवीत घालण्याआधी जुडी तशीच धरून ठेवली. वाट बघत.

"दहा रुपये," मी म्हटलं.

"अवं," गजानन गल्ल्यावरून ओरडला, "आज त साऱ्यायले फ्री हाय!"

"यायले नाई."

ते माझ्या तोंडून निघालं, पण आवाज माझा नव्हता, मेथी निवडणाऱ्या बाईचा होता. मॅडमनी कमरेची छोटी पर्स उघडली, दहाची नोट काढून माझ्या हातात दिली, आणि मला शपथेवर सांगता येईल की त्यांचा चेहरा सैल झाला. जुडी पिशवीत न घालता नाकाशी धरून, पाठ सरळ ठेवून त्या पायरी उतरल्या. मी त्यांची काठी उचलून मागे धावले आणि हातात दिली. त्यांनी घेतली.

संध्याकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं, कान गेला आहे म्हणून दोनदा सांगितलं. मॅडमचं वाक्य सांगितलं, सोपट सांगितलं. मला वाटलं, आता ती निवळेल. म्हणेल, जाऊ दे बाई, म्हातारी झाली ते बी.

"पैशे घेतले?" आईनं विचारलं.

"घेतले."

"पुरे?"

"पुरे."

पलीकडे आईनं मोठा श्वास सोडला. कितीतरी वर्षांनी मी तिला असं सुखानं श्वास सोडताना ऐकलं. मग म्हणाली, "संक्रांत कधी हाय?"

"हाय नं, पुढच्या महिन्यात."

"मंग त्याईले वान धाडजो. आता त्या कुकू नाई लावत त काय झालं, वान धाडजो. म्हनावं फ्री हाय."

"सांभार?" मी विचारलं.

"शेपू," आई म्हणाली आणि फोन ठेवला.